लेकीचा उजवा हात आणि सव्वा लाखाचं शिबिर

पत्र : माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. सातव्या महिन्यातच जन्मली. दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम; तिची उजवी बाजू. चालते, पळते, उजवी टाच थोडी उचललेली असते. पण उजवा हात कायम मुठीत मिटलेला, सगळं डाव्यानंच करते. आठवड्यातून दोनदा फिजिओला नेते. त्या दवाखान्याचा जिना दिसला की रडायला लागते. आता पुण्यात 21 दिवसांचं एक शिबिर आहे, रोज सहा तास, ‘खेळातून थेरपी’. फी सव्वा लाख, राहणं-खाणं वेगळं. मिस्टर म्हणतात, “खेळायला सव्वा लाख?” सासूबाई म्हणतात, मालीश सोडू नका. जाऊबाईंनी ऑक्सिजनच्या चेंबरचं सुचवलंय. शिबिरवाले चांगला हात प्लास्टरमध्ये ठेवणार म्हणाले, ते ऐकून काळजात धस्स झालं. पतपेढीचं कर्ज मिळतंय. काढू का? 20 तारखेपर्यंत पैसे भरायचेत. परवा तिनं चॉकलेटचा कागद उजव्या कोपराखाली दाबून दातांनी फाडला. हसू आलं आणि रडूही.
– एक आई, कराड

ताई, कर्ज काढू नका. निदान या 20 तारखेसाठी तरी नाही. मिस्टरांचा आक्षेप पैशांबद्दल असेल तर तो रास्त आहे. खेळाबद्दल असेल तर मात्र मला त्यांच्याशी बोलायचंय, म्हणून हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी उपचार देणारी. बावीस वर्षं याच मुलांबरोबर काम करते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी काय करत होते ते आधी सांगते. मुलाला टेबलाशी बसवायचं, मूठ उघडायची, मनगट ताणायचं, मग लाकडी खुंट्या भोकांत घालायला लावायच्या. हात त्याचा, पण वरून धरून हलवणारा माझा. मूल कंटाळायचं, आई बिस्किट दाखवायची, मी म्हणायचे, “अजून दहा.” तेव्हा एक आठ वर्षांचा मुलगा यायचा, डावी बाजू अधू असलेला. संक्रांतीच्या आठवड्यात तो पतंग घेऊनच आला. वडिलांनी तो दाराबाहेर ठेवायला लावला, तर पोरगं खुंट्यांना हात लावेना. शेवटी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. वडिलांनी पतंग चढवला आणि मांजाची आसारी याच्या हातात दिली. आसारीला दोन बाजूंना दोन दांडे. दोन्ही मुठींत धरल्याशिवाय ती फिरत नाही. डावी मूठ सुटली, आसारी कलंडली, मांजाचा गुंता झाला, वडील ओरडले. याने दांडा पुन्हा धरला. पुन्हा सुटला. मी भिंतीशी उभी राहून मोजत होते. वीसेक मिनिटांत त्यानं डाव्या हातानं साठाच्या वर वेळा दांडा धरला. माझ्या टेबलावर तासाभरात दहा वेळा धरला तरी मी वहीत ‘चांगला प्रतिसाद’ असं लिहायचे. त्या दिवशी त्याच्या हातावर कुणाचाही हात नव्हता, आणि त्यानं एकदाही “किती वेळ राहिला?” असं विचारलं नाही.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. या थेरपीत खेळ म्हणजे कडू औषधावर लावलेली साखर नाही. तोच औषध आहे. मेंदू हालचाल शिकतो ती तीन गोष्टींनी : ती मुलानं स्वतः सुरू केलेली असावी, तिच्यातून त्याला हवं ते मिळावं, आणि ती शेकडो वेळा व्हावी. मी हात धरून केलेल्या हालचालीत पहिली गोष्ट नसते, खुंट्यांत दुसरी नसते, आणि रडणाऱ्या मुलाकडून तिसरी होत नाही. खेळात तिन्ही एकत्र येतात.

तुमच्या लेकीच्या हाताचं काय झालंय, तेही समजून घ्या. मेंदूला इजा एकदाच झाली, ती वाढत नाही. पण त्यावर दुसरं एक चढत जातं. रांगायच्या वयातच बाळाला कळतं की डाव्या हातानं पटकन होतं आणि उजव्यानं फजिती होते. मग उजवा हात जमेल तितकंसुद्धा करेनासा होतो, जणू तो आहे हेच विसरलं जातं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातले एडवर्ड टाउब यांनी या विसरण्यावर आयुष्यभर काम केलं, आधी प्राण्यांवर, मग अर्धांगवायू झालेल्या मोठ्या माणसांवर. पुढे त्यांच्या गटानं तेच मुलांसाठी वापरलं आणि 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगला हात प्लास्टरमध्ये, रोज सहा तास, 21 दिवस. तुमच्या शिबिराचे आकडे तंतोतंत हेच आहेत. म्हणजे त्यांनी ते मनचे काढलेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये अँड्र्यू गॉर्डन आणि जीन चार्ल्स यांना एक साधी अडचण दिसली. एक हात बांधला की मूल दुसऱ्यानं काम करतं खरं, पण जगण्यात कामं दोन हातांची असतात. डबा उघडणं, चड्डी वर ओढणं, वहीवर पट्टी धरून रेघ मारणं. म्हणून 2006 मध्ये त्यांनी कुठलाच हात न बांधता दोन्ही हातांचे खेळ, रोज तितकेच तास, अशी पद्धत मांडली. 2011 मध्ये 42 मुलांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून पाहिल्या, दोन्हींत 90-90 तास. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच झाली. पुढे बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी यात पाय आणि कंबरही आणली, म्हणजे मूल स्टुलाऐवजी चेंडूवर बसून किंवा उभं राहून तोच खेळ खेळतं. लंडनमध्ये तर थेरपिस्ट आणि जादूगार मिळून दहा दिवसांची शिबिरं घेतात. पत्ते पिसायला आणि दोरीची गाठ गायब करायला दोन हात लागतातच, आणि जादू येते म्हटल्यावर वर्गात भाव वाढतो तो वेगळाच.

तेव्हा प्लास्टर ही क्रूरता नाही, पण ते सक्तीचंही नाही. मऊ हातमोजा घालून रोज थोडा वेळ, असंही करतात. सहा वर्षांच्या, डबा-दप्तराच्या वयातल्या तुमच्या मुलीला मी तरी दोन्ही हातांचीच पद्धत सुचवीन. तुमच्या काळजात धस्स झालं असेल तर शिबिरवाल्यांना सरळ विचारा, “हात न बांधता करता का?” उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळेल.

आणखीही विचारा. माझ्या मुलीबरोबर दिवसभर एक माणूस असेल की पाच मुलांत एक? पहिल्या दिवशी तिला स्वतःला काय यायला हवंय हे विचारणार, की तक्ता आधीच छापलेला आहे? मला आत बसू देणार का, शिकवणार का? शिबिर संपल्यावर घरी काय करायचं ते लिहून देणार का? रंगीत चेंडूंच्या हौदात मूल सोडून ‘खेळातून थेरपी’ म्हणणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. त्या हौदात मूल मजेत एका हातानं खेळतं. मजा येते, पण उजव्या हाताला काम पडत नाही. आणि कुणी ‘पूर्ण बरी होईल’ असं म्हणालं, तर पुढचं काही न विचारता फोन ठेवा.

आता घरचं बोलू, कारण खरा मजकूर इथं आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांनी 2009 मध्ये घरी करायच्या थेरपीचा अभ्यास छापला. थेरपिस्टनं आखून दिलेलं आई-वडिलांनी घरी करायचं, आठ आठवडे. त्यांनी प्रत्यक्षात किती केलं? महिन्यातून सतराअठरा वेळा, एका वेळी साधारण सोळासतरा मिनिटं. एवढ्यानंही मुलांच्या हाताच्या वापरात दिसण्याजोगा फरक पडला. मी हे प्रत्येक आईला सांगते, कारण ‘आज राहून गेलं’ या अपराधीपणानं त्या खचलेल्या असतात. रोज जमत नाही हे गृहीत धरलेलंच आहे, ताई. जास्त जमत असेल तर 2017 चा कोलंबियाचाच अभ्यास आहे. तिथं घरच्या माणसांनीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज दोन तास, आठवड्यातले पाच दिवस, नऊ आठवडे खेळ घेतले. गुणाकार करून पाहा, बरोबर 90 तास होतात. कोलंबियाच्या शिबिरात ते तीन आठवड्यांत, घरी दोन महिन्यांत. आणि एखादी ठरावीक गोष्ट, समजा डबा उघडणं, यायला किती सराव लागतो, तर 2020 मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज आहे : 14 ते 25 तास, तीच गोष्ट प्रत्यक्ष करत. एकूण हात सुधारायचा तर 30 ते 40 तास. आठवड्यातून दोनदा अर्धा तास फिजिओ, त्यात निम्मा वेळ रडण्यात आणि ताणण्यात, या हिशेबानं नुसत्या डब्यालाच वर्ष जाऊ शकतं.

म्हणून पहिलं काम : तिला विचारा. तुम्हाला काय हवंय ते बाजूला ठेवून, तिला काय करता यायला हवंय ते. माझ्याकडच्या मुलांची उत्तरं अशी असतात : मधल्या सुट्टीत बाईंकडे न जाता डबा उघडायचाय. सायकलचा दांडा दोन्ही हातांनी धरायचाय. मैत्रिणीची वेणी घालायचीय. दोन-तीन गोष्टी ठरवा. मोबाइलवर एकेक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, आठ आठवड्यांनी तोच पुन्हा काढा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो.

मग खेळ असा निवडायचा, की तो एका हातानं होतच नाही. आणि तोंडानं “उजवा हात वापर” म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. दिवसातून पन्नास वेळा ते वाक्य ऐकणारं मूल त्या हाताचा रागच करू लागतं. सांगायचं ते खेळानं सांगावं. डबा लहान आणि हलका घेतला तर ती तो डाव्या हातात धरून झाकण दातांनी काढेल. तोच डबा थोडा मोठा घ्या, आत चार शेंगदाणे खुळखुळवा, झाकण सैलच लावा. आता तिला तो पोटाशी धरावा लागतो. आधी उजवा कोपर येईल, मग मनगट, मग कधीतरी तळवा उघडून डब्यावर टेकेल. ती डब्याशी झटत असेल तेव्हा आपण हात मागे बांधून बसायचं. दहा सेकंद थांबवत नाही, मला कळतं. थांबा. तिनं डोळ्यांनी मदत मागितली तरच झाकण किंचित सैल करून द्या, उघडून नाही. उघडलं की शेंगदाणे तिचे.

चॉकलेटचा कागद तिनं कोपराखाली दाबला, ते वाचून मला फार आनंद झाला. उजवी बाजू मदतनीस आहे हे तिला ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करायची. उजवा हात डाव्यासारखा बारीक काम करणार नाही, पण धरणारा, दाबणारा, टेकू देणारा हात तो नक्की होऊ शकतो. दोन हातांच्या बहुतेक कामांत एका हाताचं काम तेवढंच असतं.

सासूबाईंना यात घ्या. मालीश त्यांना सोडायला लावू नका. अंग सैल होतं, नातीला आजीचा हात लागतो, चांगलंच आहे. फक्त मालिशीनं किंवा नुसत्या ताणण्यानं हात काम शिकत नाही, आणि तिची वेळ खेळाच्या वेळेतून जायला नको. त्याऐवजी आजीसमोर मटाराची टोपली ठेवा. शेंग उजव्यात धरायची, डाव्यानं उलगडायची, दाणे वाटीत. ओल्या शेंगा जमत नसतील तर आधी लसणाचा गड्डा मोकळा करायला द्या. कणकेचा गोळा, पोळपाट-लाटणं, भातुकलीतलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, सुईऐवजी तार देऊन झेंडूच्या फुलांची माळ. लाटणं तर देवानं याच मुलांसाठी घडवलंय असं मला वाटतं, दोन मुठी आणि मधे गोल. आणि दिवाळी आली की किल्ला. साताऱ्याकडच्या मुलांना हे मी शिकवायला नको. घमेलं दोन्ही हातांनी ओढत आणायचं, माती कालवायची, बुरूज दोन तळव्यांमधे दाबून उभा करायचा, हळीव पेरायचे, मावळे रोवायचे. चिखलात मूठ आपोआप उघडते, हे मी किती वेळा पाहिलंय. शेजारची पोरं बरोबर असतील तर ती तीन तास उठणार नाही, आणि ते तीन तास थेरपीचेच धरा.

ती चिडली, फेकून दिलं, तर खेळ जड झाला असं समजा. सोपा करा. थकली तर थांबा. तिला कधी फिट आली असेल, किंवा हात-पाय-कंबर दुखते असं म्हणत असेल, तर मात्र जास्त तासांचं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. टाचेसाठी किंवा हातासाठी बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) किंवा स्प्लिंट (आधाराची पट्टी) लागेल का, हेही त्यांनाच विचारा. त्या गोष्टी हाता-पायाला तयार करतात, शिकवण्याचं काम नंतर खेळाचंच असतं.

ऑक्सिजनच्या चेंबरबद्दल थोडक्यात : नको. कॅनडात 111 मुलांवर याची नीट परीक्षा झाली, 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अर्ध्या मुलांना दाबाखालचा ऑक्सिजन, अर्ध्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले. जाऊबाईंना हे प्रेमानं सांगा, त्यांनी काळजीपोटीच सुचवलंय.

पैशांचं. लेकीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते. सेरेब्रल पाल्सी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नावानिशी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना लागू होते. वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण, आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात बसतो. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार देणाऱ्या विभागाची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती केंद्रं 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. मुंबईला जाणं झालं तर हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, 1955 पासूनची, तिथं एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. कराडमध्येच एखादी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळाली, तर तिला महिन्यातून दोनदा घरी बोलवा. खेळ तिनं आखायचे, तुम्ही खेळायचे. सव्वा लाखाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असेल.

आणि सध्याच्या फिजिओंना सोडण्याआधी एकदा बोला. “ती रडते, खेळातून करता येईल का?” एवढंच. पुष्कळ जण आनंदानं बदलतात. कुणी म्हणालं की रडल्याशिवाय सुधारत नाही, तर तो जिना परत चढू नका.

शिबिर नंतर कधी करायचं तर करा, कर्जाशिवाय जमेल तेव्हा, माझ्या वरच्या प्रश्नांना नीट उत्तरं देणारं. आठ आठवडे घरी केल्यावर तिथून नेमकं काय हवं, तेही तुम्हाला कळलेलं असेल.

मिस्टरांना एक काम द्या. रविवारी त्यांनी तिच्याबरोबर काहीतरी दुरुस्त करायचं : सायकलचा पंक्चर, खुर्चीचा स्क्रू, काहीही. पंप तिनं धरायचा, दोन्ही हातांनी दाबायचा, हवा भरली की चाक फिरवून बघायचं. त्यांनी तिच्या हाताकडे बघायचं नाही, चाकाकडे बघायचं.

20 तारखेला शिबिरात फोन करून आत्ता येत नाही असं सांगा. त्याच संध्याकाळी लेकीला विचारा, तुला काय यायला हवंय. ती काय म्हणाली ते मला कळवा, पहिले दोन खेळ आपण मिळून ठरवू.